तळटीप : लॉरेनची बाल्कनी
१२. रेव्हरंड सॅम्युएल 'बिली' काइल्स हे मेम्फिसमधले बाप्टिस्ट धर्मोपदेशक. ४ एप्रिल १९६८ रोजी संध्याकाळी मार्टिन ल्यूथर किंग यांना आपल्या घरी जेवायला नेण्यासाठी ते लॉरेन मोटेलवर आले होते. ३०६ क्रमांकाच्या खोलीबाहेर, बाल्कनीत दोघे उभे होते. काइल्स जिन्याकडे वळून काही पावले गेले आणि गोळीचा आवाज झाला. वेळ सहा वाजून एक मिनिट. किंग यांच्या आयुष्यातला शेवटचा तास आपण त्यांच्याबरोबर खोलीत होतो, असे काइल्स पुढे अनेक वर्षे सांगत. काही सहकाऱ्यांना ते मान्य नव्हते. पण गोळी झाडली गेली तेव्हा ते बाल्कनीवर होते याविषयी शंका नाही, म्हणून वरची आठवण काटछाट न करता छापली आहे. तिच्यात संपाचा उल्लेख ओझरता आहे, आणि ते मला खटकते. किंग मेम्फिसला आले ते सफाई कामगारांसाठी. एकोल कोल आणि रॉबर्ट वॉकर हे दोघे फेब्रुवारीत कचरागाडीच्या दाबयंत्रात चिरडून मेले. त्यानंतर सुमारे १३०० कृष्णवर्णीय कामगारांनी काम बंद केले. त्यांच्या युनियनला शहराने मान्यता दिली ती १६ एप्रिलला, हत्येनंतर बारा दिवसांनी.

— संपादक