‘झिंगाट’ : एका लोकप्रिय गीताची घडण आणि मराठवाड्यातील त्याचा स्वीकार

लोकप्रिय गीत हा इतिहासाच्या अभ्यासाचा विषय होऊ शकतो काय, असा प्रश्न आमच्याकडे अद्यापही विचारला जातो. पोवाडा आणि लावणी यांना संशोधनाच्या दालनात प्रवेश मिळाला तोही पुष्कळ उशिरा. चित्रपटगीत तर अजून उंबरठ्यावरच आहे. तथापि, एखादे गीत अल्पावधीत खेड्यापाड्यांतील लक्षावधी मुखांत रुळते, तेव्हा त्या गीताची घडण कशी झाली आणि समाजाने त्यातून नेमके काय उचलले, हे पाहणे समाजेतिहासाच्या अभ्यासकाचे कर्तव्य ठरते. या दृष्टीने ‘सैराट’ या चित्रपटातील ‘झिंगाट’ या गीताचा, नांदेड व लातूर हे जिल्हे समोर ठेवून, प्रस्तुत लेखात विचार केला आहे.

‘सैराट’ हा नागराज मंजुळे दिग्दर्शित चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे संगीतकार अजय व अतुल गोगावले हे बंधू. ‘अगं बाई अरेच्चा!’ (२००४), ‘जोगवा’ (२००९) आणि ‘नटरंग’ (२०१०) या चित्रपटांतून लोकसंगीताच्या चाली व ताल भव्य वाद्यमेळात मांडण्याची त्यांची पद्धत रसिकांस परिचित झाली होती आणि ‘जोगवा’च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. ‘सैराट’च्या संगीताचे सिम्फनी पद्धतीचे वादन त्यांनी अमेरिकेत हॉलिवूड येथील सोनीच्या ध्वनिमुद्रणगृहात मुद्रित केले. चित्रपटात गीते अवघी ४ आहेत. त्यांपैकी ३ गीतांवर या पाश्चात्त्य वाद्यवृंदाची गडद छाया आहे. चौथे गीत ‘झिंगाट’. याचे शब्द गोगावले बंधूंचे आणि गायनही त्यांचेच. यात तंतुवाद्यांच्या लहरींना दुय्यम स्थान असून ठोक्याचे राज्य आहे. साता समुद्रापलीकडे जाऊन सजविलेल्या गीतांच्या पंक्तीत बसलेले हे गावठी गीतच वरातीत सर्वांच्या पुढे गेले, ही गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे.

प्रथम शब्दांचा विचार करू. ‘झिंग’ या शब्दाला ‘आट’ हा प्रत्यय लागून ‘झिंगाट’ हे रूप सिद्ध होते. सुसाट, मोकाट, भन्नाट आणि स्वतः ‘सैराट’ हे त्याच कुळातील शब्द होत. या सर्वांत आवर सुटल्याचा, मर्यादा मागे टाकल्याचा भाव आहे. गीतात ‘बुंगाट’ आणि ‘चिंगाट’ हे त्यांचे आणखी दोन भाऊबंद येतात आणि त्यांच्या यमकावर स्वार होऊनच गीत ध्रुपदाकडे झेपावते. क्रियापदांना ‘या’ जोडून बोलण्याची लकब सोलापूर जिल्ह्याच्या बोलीतली; परंतु लातूरच्या श्रोत्याला ती परकी वाटत नाही. त्याच बोलीत ‘मजनू’ हा अरबी-फारसी परंपरेतील प्रेमवेडा सहज नांदतो आणि शाळकरी पोरांच्या तोंडचा ‘कल्टी’ हा शब्दही त्याच्या शेजारी बसतो. १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात राहिलेल्या आमच्या प्रदेशाला अशा सरमिसळीचे नवल नाही.

आता सांगीतिक रचनेकडे वळू. गीताची चाल थोड्या स्वरांत फिरते. तिला तानेची वा मींडेची गरज नाही. म्हणूनच ज्याला गाता येत नाही तोही ती घोळक्यात ओरडून म्हणू शकतो. कडव्यांतील ओळी आखूड असून अंतर्गत यमकांनी बांधलेल्या आहेत. त्या एकामागून एक येत ताण वाढवीत नेतात आणि ध्रुपदात तो ताण एकदम मोकळा होतो. ध्रुपदात एकच अक्षरसमूह पुनःपुन्हा येतो. तो अर्थापेक्षा वाद्याच्या बोलासारखा कानावर पडतो. तबलजी बोल मुखाने म्हणतो, तसा येथे जमावच तालवाद्य होतो.

या रचनेचे नाते जगातील एका मोठ्या प्रवाहाशी जोडता येते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय कलावंतांनी १९६० नंतरच्या दशकात ‘फंक’ नावाची शैली घडविली. जेम्स ब्राउन यांची १९६५ ते १९६७ या काळातील गीते तिची आरंभीची उदाहरणे मानली जातात. स्वरसंगतीचे बदल कमी करावयाचे, आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर जोर द्यावयाचा आणि खर्जाची गिटार, ढोल व पितळी वाद्ये यांचे छोटे तुकडे एकमेकांत गुंफून सतत फिरते ठेवावयाचे, हे तिचे सूत्र. ‘झिंगाट’ हे शास्त्रार्थाने फंक नव्हे. परंतु स्वराने तालाची चाकरी करावी हा नियम दोहोंत समान आहे. आणखी एक साम्य अधिक महत्त्वाचे आहे. ज्या समाजाला पंगतीत बसू दिले जात नव्हते, त्याच्या तालावर पुढे सारी पंगत नाचू लागली, हा फंकचा इतिहास आहे.

आमच्याकडे या इतिहासाचा दाखला हलगी देते. कड्यावर बकऱ्याचे कातडे ताणून केलेले हे वाद्य जाळावर शेकून तापवितात आणि एका हातात आखूड काठी, दुसऱ्या हातात बारीक काडी घेऊन वाजवितात. मराठवाड्यात ते प्रामुख्याने मातंग समाजाच्या कलावंतांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळले. लग्न, जत्रा, दवंडी आणि अंत्ययात्रा यांपैकी काहीही हलगीवाचून होत नसे. मात्र वाजविणारा मंडपाबाहेर उभा असे. विसाव्या शतकात अशा गावकीच्या कामांत दडलेल्या हीनतेविरुद्ध जागृती झाली आणि अनेकांनी ती नाकारली. पुढे मिरवणुकीत पितळी वाद्यांचे बँड आले. त्यानंतर ‘बेंजो’ आला. बेंजो म्हणून आम्ही ज्यास ओळखतो ते विजेवर चालणारे बुलबुलतरंग होय, आणि त्याचे मूळ १९१२ मध्ये जपानात निर्माण झालेल्या ताइशोगोतो या वाद्यात आहे. शेवटी टेम्पोवर ध्वनिवर्धकांच्या भिंती रचणारा डीजे आला. वाद्ये बदलली, वाजविणारे हात बदलले. पण वरातीची पावले ज्या ठोक्याची वाट पाहत होती तो ठोका बदलला नाही. ‘झिंगाट’ला तयार जमीन मिळाली ती येथे.

गीत आले तो उन्हाळा लातूरकर विसरणे शक्य नाही. मांजरा धरण कोरडे पडले होते. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वेगाडी सुमारे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातुरास पोचली. त्यानंतर अडीच आठवड्यांनी ‘सैराट’ प्रदर्शित झाला. घागरींच्या रांगा आणि तिकिटांच्या रांगा एकाच मोसमातल्या. दुष्काळात लोक नाचले म्हणून कोणी नाक मुरडील. परंतु ज्या वर्षी पेरणीचा, पाण्याचा आणि लग्नाचा हिशेब जुळत नव्हता, त्याच वर्षी आवर सुटल्याचे गीत तरुणांना हवेसे वाटावे, यात मनुष्यस्वभावाला विसंगत असे काही नाही. प्रसाराचे साधनही नवे होते. मोबाइल दुरुस्तीच्या दुकानांतून गाणी मेमरी कार्डावर भरून घेण्याची पद्धत तेव्हा गावोगाव होती. हे गीत तिच्या द्वारे हातोहात गेले. त्या वर्षीच्या गणेशोत्सवात आणि पुढील लग्नसराईत त्याचे स्थान पक्के झाले. चित्रपटाने १०० कोटी रुपयांहून अधिक उत्पन्न मिळविले. मराठीत असे प्रथमच घडले. २०१७ मध्ये ‘मनसु मल्लिगे’ या कन्नड आणि २०१८ मध्ये ‘धडक’ या हिंदी चित्रपटात ही चाल गेली. हिंदीत गीत नव्याने लिहिले गेले, तरी ‘झिंगाट’ हा शब्द मात्र जसाच्या तसा ठेवावा लागला. त्यास प्रतिशब्द नव्हता.

येथवर गीताच्या यशाची कारणे झाली. परंतु या यशात काय गळाले, हेही सांगितले पाहिजे. चित्रपटात हे गीत पाटलाच्या घरच्या समारंभात येते. मासेमारी करणाऱ्या, खालच्या मानलेल्या जातीतील परश्या तेथे मित्रांसह नाचतो, आणि त्याच रात्री त्याचे व पाटलाच्या मुलीचे प्रेम उघडकीस येते. पुढे पलायन आहे, आणि शेवटी दोघांची हत्या. गीताच्या शेवटच्या कडव्यात नायक बांधावरून वळसा घेत नायिकेच्या घरापर्यंत पोचल्याचे सांगतो. शेतीवर जगणाऱ्या प्रदेशात बांध म्हणजे काय, हे सांगण्याची गरज नाही. हातभर बांधासाठी आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या कज्जे चालतात. जातीचा बांध तर याहून पक्का. सारांश, ‘झिंगाट’ हे बांध ओलांडणाऱ्याचे गीत आहे. ओलांडण्याचा आनंद त्यात आहे आणि त्या आनंदाला पुढे काय किंमत पडते ते चित्रपट सांगतो. समाजाने पहिली गोष्ट घेतली आणि दुसरी प्रेक्षागृहात ठेवून तो घरी आला. स्वजातीच्या वरातीत, पत्रिका जुळवून ठरविलेल्या विवाहात, याच गीतावर सारे वऱ्हाड नाचते. आणि त्यातील पुष्कळांना परश्या जावई म्हणून चालणार नाही.

यास केवळ दांभिकता म्हणणे मात्र उथळपणाचे होईल. वरातीत काही घटका का होईना, पाटलाचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एका ठोक्यावर पाय टाकतात. पूर्वी हलगी वाजविणारा वाजवी आणि इतर नाचत. दोघांमधील अंतर वाद्याने मिटत नसे. डीजेच्या यंत्रामागे कोण उभा आहे हे आता कोणी विचारीत नाही. ही समता यंत्राने दिली, मनाने नव्हे, हे खरे; तरीही ती तेवढ्या वेळेपुरती घडते, हेही खरे.

शेवटी ऋणाविषयी एक गोष्ट. मार्क रॉन्सन व ब्रूनो मार्स यांचे ‘अपटाउन फंक’ हे गीत २०१५ मध्ये अमेरिकेत सलग १४ आठवडे अग्रस्थानी होते. त्याची ठेवण गॅप बँड या मंडळाच्या १९७९ मधील एका गीताशी जुळते असे दिसताच, २०१५ मध्येच त्या जुन्या रचनाकारांची नावे नव्या गीताच्या कर्त्यांत घालण्यात आली. आमच्या हलगीच्या ठेक्यांना असा कर्ता नाही. ज्यांनी ते पिढ्यान्‌पिढ्या घासून लखलखीत केले, त्यांची नावे कोणत्याही दप्तरात नाहीत, आणि कोणाकडे मागणी करावी असा एक माणूसही नाही. नांदेड व लातूर जिल्ह्यांतील वृद्ध हलगीवादकांकडे आज जे ठेके शिल्लक आहेत, ते नावानिशी, गावानिशी ध्वनिमुद्रित करून ठेवणे हे या ऋणाच्या फेडीचे पहिले पाऊल होय. ते काम विद्यापीठांचे आहे, आणि त्यासाठी हाती असलेला काळ थोडा आहे.