लाल बावट्याच्या आधी

चपला काढून हातात घ्या. चिखल घोट्याच्या वर आला आहे आणि पुढच्या माणसाची पाठ दिसते तेवढीच वाट. तारीख 1 ऑगस्ट 1954. पाऊस थांबायचं नाव घेत नाही, दमणगंगा दुथडी भरून वाहते आहे. रांगेतली कुजबुज ऐका: बहुतेक पुण्याची मराठी, मधूनच गोव्याची कोकणी. ही माणसं पोर्तुगीजांच्या ताब्यातल्या नगर हवेलीतलं सिल्वासा घ्यायला निघाली आहेत.

सैन्यातला इथे एकही नाही. आझाद गोमंतक दलाचे विश्वनाथ लवंदे आणि प्रभाकर सिनारी आहेत, पुण्याचे राजा वाकणकर आहेत, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे स्वयंसेवक आहेत. मोहिमेत बाबासाहेब पुरंदरे आहेत, वय 32, शिवचरित्राने झपाटलेले. सुधीर फडकेही आहेत. पुण्यात लता मंगेशकरांच्या गाण्याचा कार्यक्रम करून या कामासाठी पैसे उभे केले गेले. येत्या रामनवमीला पुणे आकाशवाणीवरून फडक्यांच्या चालीतलं गीतरामायण सुरू होईल, हे तुम्हाला माहीत आहे. बोलू मात्र नका. आजच्या रात्री ते कोणाच्याच डोक्यात नाही.

डोक्यात घाई आहे. दहा दिवसांपूर्वी फ्रान्सिस मस्कारेन्हास यांच्या युनायटेड फ्रंट ऑफ गोवन्सने दादरा घेतलं, तेव्हा तिथला पोलीस अधिकारी अनिसेतो रोझारियो मारला गेला. मग नरोली पडली. दमणहून कुमक येण्याची वाट भारताने अडवून धरली आहे, त्यामुळे सिल्वासातला कॅप्टन फिदाल्गो एकटा पडला आहे. पोर्तुगीज आता कुठे जाणार? एवढं असूनही पावलं भराभर पडताहेत, कारण दक्षिणेकडून, उधव्याच्या बाजूने, दुसरीही माणसं सरकताहेत. त्यांच्या खांद्यावर कम्युनिस्टांचा लाल बावटा आहे.

त्या बाजूचं रान तुम्ही पुस्तकातून ओळखता. 1945 साली गोदावरी आणि शामराव परुळेकरांनी डहाणू-उंबरगावच्या वारल्यांना वेठबिगारीविरुद्ध उभं केलं. सावकारांनी पिढ्यान् पिढ्या लग्नाच्या कर्जापायी घरगडी करून ठेवलेली माणसं ताठ उभी राहिली आणि तेव्हापासून या पट्ट्यात बावटा घट्ट रोवला गेला. आता तेच वारली आणि जॉर्ज वाझ यांची गोवन पीपल्स पार्टी नगर हवेलीत उतरली आहे. पोर्तुगीज हाकलायचे यावर दोन्ही बाजूंचं एकमत. सिल्वासाच्या कचेरीवर आधी कोण पोहोचणार, एवढाच प्रश्न.

सीमेवरच्या राखीव पोलिसांचे प्रमुख जे. डी. नगरवाला यांचीही गंमत पाहा. गांधीहत्येचा मुंबईतला तपास याच अधिकाऱ्याने केला होता. त्या हत्येनंतर संघावर बंदी आली होती. आज त्यांच्या सीमेवरून संघाची माणसं पुढे जाताहेत आणि त्यांना अडवणारं कोणी नाही.

मान वर करून जगाकडे बघा. दादरा पडलं त्याच सुमारास, 21 जुलैला, जिनिव्हात व्हिएतनामचे दोन भाग करण्यावर शिक्कामोर्तब झालं. मे महिन्यात अमेरिकेने पाकिस्तानशी लष्करी करार केला आहे. महिनाभराने मनिलात सिएटो हा कम्युनिस्टविरोधी लष्करी करार जन्माला येईल. जग दोन रंगांत वाटलं जातंय आणि त्याची एक बारीक रेघ दमणगंगेच्या खोऱ्यातूनही जाते आहे.

उजाडलं. 2 ऑगस्ट. पिपरिया मागे पडलं, आणि कळतं की फिदाल्गो सुमारे दीडशे पोलिसांसह खानवेलच्या दिशेने निघून गेला आहे. सिल्वासाच्या चौकीवर उरलेल्या पाच पोलिसांनी शरणागती पत्करली. पोर्तुगालचा झेंडा उतरतो, तिरंगा चढतो. फिदाल्गो रानावनांतून हिंडत 11 ऑगस्टला उधव्याला भारतीय पोलिसांच्या स्वाधीन होईल.

शर्यत संघ आणि दलाने जिंकली. आता पुढे या, डिसेंबर 1955 मध्ये. इथून गोष्ट उलटी फिरते.

सिल्वासात वरिष्ठ पंचायतीचं राज्य आहे. दिल्लीने हा मुलूख अजून पोटात घेतलेला नाही; पोर्तुगालही परत आलेलं नाही. त्याच वेळी सोव्हिएत रशियाचे नेते बुल्गानिन आणि ख्रुश्चेव्ह भारतभर हारतुरे घेत फिरताहेत आणि गोव्यातली पोर्तुगीज वसाहत टिकण्याचं कारणच नाही असं जाहीर सभांत सांगताहेत. वॉशिंग्टनमध्ये 2 डिसेंबरला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्यासोबत पत्रक काढतात, त्यात या मुलखांना पोर्तुगालचे ‘प्रांत’ म्हटलेलं असतं. लिस्बनमध्ये सालाझारची हुकूमशाही आहे, निवडणुका नावापुरत्या. तरी पोर्तुगाल नाटोचा संस्थापक सदस्य आहे आणि अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांवर अमेरिकेला विमानतळ हवा आहे. ‘मुक्त जगा’ची बाजू त्या धावपट्टीने ठरवली.

पंचायतीच्या ओसरीवर बसून या बातमीचा अर्थ लावा. लाल बावटा पोहोचायच्या आत सिल्वासा गाठलं पाहिजे म्हणून जे रात्रभर चालले, त्यांच्या बाजूने जगात आज सर्वांत मोठा आवाज मॉस्कोचा आहे. आणि कम्युनिस्टांना सिल्वासात पाय ठेवू दिला नाही याचं ज्याने कौतुक करायला हवं होतं, ते वॉशिंग्टन सालाझारच्या शेजारी उभं आहे. मांडवातल्या घोषणा आणि प्रत्यक्ष हिशेब यांत केवढं अंतर असतं, ते सिल्वासातून जितकं स्वच्छ दिसतं तितकं बर्लिनमधूनही दिसत नाही.

याच महिन्याच्या 22 तारखेला पोर्तुगाल हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जातं: दमणहून दादरा आणि नगर हवेलीत जायचा आमचा हक्क भारताने मोडला. तुम्ही एप्रिल 1960 च्या निकालाच्या दिवशी तिथे बसा. भारताची बाजू महान्यायवादी मोतीलाल सेटलवाड यांनी मांडली आहे, न्यायासनावर भारताने नेमलेले एम. सी. छागला आहेत. पण खटल्याचा कणा पेशवाईत आहे. पेशवे आणि पोर्तुगीजांमधला 1779 चा तह आणि त्यानंतरच्या सनदा उलगडल्या गेल्या. न्यायालयाने त्यांचा अर्थ असा लावला की पेशव्यांनी दिला तो गावांचा महसूल. मुलखावरची सत्ता नव्हे. ती पुढे इंग्रजांच्या मूक संमतीने रुजली. शेवटी 12 एप्रिलला निकाल आला. माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना वाटेचा हक्क होता. सैन्य, सशस्त्र पोलीस आणि दारूगोळा यांना नव्हता. आणि 1954 च्या जुलैत वाट अडवताना भारताने कोणतंही बंधन मोडलं नाही.

त्यानंतर आणखी एक तारीख. 11 ऑगस्ट 1961. फिदाल्गोच्या शरणागतीला बरोबर सात वर्षं. सनदी अधिकारी के. जी. बदलानी एका दिवसापुरते या मुक्त मुलखाचे पंतप्रधान झाले आहेत, विलीनीकरणावर सही करण्यासाठी. घटनेची दहावी दुरुस्ती होते आणि दादरा व नगर हवेली केंद्रशासित प्रदेश बनतो.

चार महिन्यांनी भारतीय सैन्य गोव्यात शिरेल. 18 डिसेंबरला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान माघारीचा ठराव आणतील, सात मतं पडतील, आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो कोसळेल. गोव्याला मॉस्कोच्या त्या एका हाताची गरज पडली. सिल्वासाला पडली नाही. त्याच्या पदरात तोवर हेगचा निकाल होता, संसदेचा कायदा होता आणि सात वर्षं स्वतः चालवलेला कारभार होता.