पेज, पाव आणि मिरची : गोव्याच्या ताटातील आप-पर

राजवटींचा इतिहास दप्तरांत सापडतो, घराचा इतिहास ताटात. गोव्यातील हिंदू घराच्या ताटाकडे या दृष्टीने पाहिले म्हणजे एक विसंगती ध्यानात येते.

1510 साली आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला. पुढे पोर्तुगीज जहाजांतून अमेरिकेतील मिरची, काजू, अननस इकडे आले. मिरचीने मिरीची जागा बिनबोभाट घेतली. आज तिच्यावाचून हुमणाची कल्पना करवत नाही; खोल्याची, हरमलची अशी ती गावांच्या नावाने ओळखली जाते. मुळात अमेरिकेतलेच असलेले बटाटे, रताळी आणि शेंगदाणे तर आपल्या उपवासालाही चालू लागले. काही घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकात मात्र अजून मिरीच वापरतात. जुन्या ताटाची तेवढीच खूण उरली आहे.

पावाचे तसे झाले नाही. तोही पोर्तुगीजांबरोबर आला. परंतु हिंदू घराचा उंबरठा ओलांडण्यास त्याला शतके लागली. विहिरीत पाव टाकून गाव बाटवल्याच्या कथा पिढ्यानपिढ्या सांगितल्या गेल्या. त्या कथांची शहानिशा कशीही होवो, त्यांमागील भय खरे होते. 1560 मध्ये येथे इन्क्विझिशन स्थापन झाले. ते कायमचे बंद झाले 1812 मध्ये. त्याच्या 1736च्या आदेशाने नवख्रिस्त्यांना हिंदूंप्रमाणे मिठावाचून भात शिजवण्याची मनाई केली, असे अ. का. प्रियोळकरांच्या इन्क्विझिशनवरील ग्रंथावरून कळते. भातातील मीठही जेथे धर्माची खूण ठरते, तेथे पाव हे केवळ अन्न राहणे शक्य नव्हते. मिरचीवर अशी मुद्रा कोणी उठवली नाही, म्हणून ती परकी वाटली नाही.

आमच्या आज्यांच्या पिढीत अनेक सोवळ्याच्या घरांत पाव वर्ज्य होता. आईच्या पिढीत तो मुलांच्या चहापुरता आला. आज पोदेराचा भोंगा ऐकल्यावाचून कित्येक घरांची सकाळ होत नाही.

याच काळात मागे पडली ती पेज. उकड्या तांदळाची पेज, लोणच्याची फोड, आटवलेली कालची कडी, हे शेतातून आलेल्या माणसाचे सकाळी दहाच्या सुमाराचे खाणे. 1961च्या मुक्तीनंतर शाळा, कचेऱ्या, कारखाने वाढले आणि दहाची वेळ घंटेला बांधली गेली. पेजेवर कोणी बंदी घातली नाही, तिचा विटाळही कोणी मानला नाही. तिच्यासाठी वेळ तेवढा उरला नाही. तिच्याबरोबर खाजनांतील खारे पाणी सोसणारे कोरगूट भातही दुर्मिळ होत चालले आहे.

जे सक्तीने लादले जाईल अशी भीती होती, त्याला आपल्या समाजाने दीर्घकाळ दाराबाहेर ठेवले. जे सवयीने निसटत गेले, त्याची दखलही घेतली नाही. म्हणून या शाळेच्या विद्यार्थ्यांना माझी एक विनंती आहे. पेज खाल्लेली माणसे अजून घरोघरी आहेत. ती कोणत्या भाताची असे, केव्हा खात, तोंडी लावायला काय असे, हे त्यांना विचारून वहीत उतरवून ठेवावे. उद्याच्या इतिहासकाराला हे साधन दुसरीकडे कोठेही मिळणार नाही.