आपत्ती-प्रतिसाद, संपत्तिसापेक्ष (दिल्ली राजधानी परिसर)

देशाची किंवा शहराची आर्थिक ऐपत आणि नैसर्गिक संकटाला तोंड देण्याची तिथली ताकद यांचा संबंध. संपत्तीने भूकंप टळत नाही, मृतांचा आकडा मात्र बदलतो. अर्थशास्त्रज्ञ मॅथ्यू कान यांनी २००५ मध्ये अनेक देशांची आकडेवारी तपासून हेच मांडले : श्रीमंत देशांवर आपत्ती कमी कोसळतात असे नाही, त्यांत माणसे कमी मरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे महाराष्ट्रातल्या किल्लारी परिसरात भूकंपाने दगडमातीच्या भिंतींखाली हजारो लोक झोपेतच गाडले गेले. १९८९ मध्ये कॅलिफोर्नियात लोमा प्रीएटा येथे त्याहून मोठा, ६.९ क्षमतेचा भूकंप झाला आणि ६३ माणसे दगावली. पण तेवढ्याच क्षमतेच्या धक्क्याने १९९५ मध्ये जपानसारख्या धनाढ्य देशातल्या कोबे शहरात सहा हजारांहून अधिक बळी घेतले. त्यांतले बहुतेक जुन्या, जड कौलांच्या लाकडी घरांत राहणारे. म्हणजे तिजोरीत पैसा किती, यापेक्षा तो घराच्या भिंतीपर्यंत पोहोचला का, हे पाहावे लागते.

या कसोटीवर दिल्ली मोठी विचित्र उतरते. इथले दरडोई उत्पन्न राष्ट्रीय सरासरीच्या सुमारे अडीचपट. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण, हवामान खात्याचे मुख्यालय आणि आपत्तीत टिकणाऱ्या पायाभूत सुविधांसाठी २०१९ मध्ये भारताच्या पुढाकाराने उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय आघाडी, सारे याच शहरात. शेजारच्या गाझियाबादला राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आठवी बटालियन आहे. फेब्रुवारी २०२३ च्या भूकंपानंतर तिचे जवान तुर्कस्तानात ढिगारे उपसायला गेले होते. त्याआधी २००४ च्या त्सुनामीनंतर भारताने परदेशी सरकारांची मदत नम्रपणे नाकारली होती. सुटका करण्याची ऐपत आता देशाकडे आहे, यात शंका नाही.

यमुनेच्या २०२३ च्या पुराने याच ऐपतीची दुसरी बाजू उघडी पाडली. जुन्या लोखंडी पुलाजवळ नदीची पातळी मोजतात. तिथे धोक्याची पातळी २०५.३३ मीटर आहे. १९७८ च्या महापुरात पाणी २०७.४९ मीटरवर गेले होते आणि तेव्हा हरियाणातल्या ताजेवाला बंधाऱ्यातून सात लाख क्युसेकच्या आसपास विसर्ग झाला होता. जुलै २०२३ मध्ये त्याची जागा घेतलेल्या हथिनीकुंड बंधाऱ्यातून सुटलेला सर्वाधिक विसर्ग होता ३.५९ लाख क्युसेक, साधारण निम्मा. तरी १३ जुलैला पातळी २०८.६६ मीटरवर पोहोचली. वजिराबाद ते ओखला या २२ किलोमीटरच्या पट्ट्यात नदी पुलांनी, बंधाऱ्यांनी आणि गाळाने आवळली गेली आहे. मेट्रोचा डेपो, राष्ट्रकुल क्रीडाग्राम अशी बांधकामे पूरमैदानातच उभी राहिली. शहर श्रीमंत झाले, तेही काही अंशी नदीच्या जागेवर.

त्या पुरात इशारे वेळेवर मिळाले, हजारोंना हलवले गेले, बोटी आल्या. अडले ते साध्या देखभालीत. आयटीओ बंधारा दिल्लीत, ताबा तेव्हा हरियाणाकडे. त्याच्या ३२ पैकी पाच दरवाजे गाळात रुतून बसलेले. ते उघडायला लष्कर आणि नौदलाची माणसे बोलवावी लागली. इंद्रप्रस्थजवळचा नाल्याचा रेग्युलेटर तुटल्यावर नदीचे पाणी नाल्यातून उलटे शहरात शिरले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या परिसरापर्यंत गेले. वजिराबाद, चंद्रावल आणि ओखला येथील जलशुद्धीकरण केंद्रे बंद पडली. दारात नदी आणि नळ कोरडे, असे काही दिवस गेले. उद्घाटनाची फीत देखभालीला कापता येत नाही, हे याचे एक कारण मानावे लागते.

नुकसान सर्वांना सारखे झाले नाही. सिव्हिल लाइन्सच्या बंगल्यांत पाणी शिरले, ते उपसले गेले. खादरात, म्हणजे नदीकाठच्या शेतजमिनीत, भाजीपाला पिकवणारी कुटुंबे खाटा, गॅसच्या टाक्या आणि म्हशींसह पुश्त्यावर, म्हणजे पूररोधक बांधाच्या रस्त्यावर, आणि उड्डाणपुलांखाली आली. दिल्ली सरकारने पूरग्रस्त कुटुंबाला दहा हजार रुपये जाहीर केले. ज्यांची वस्तीच कागदोपत्री बेकायदा, त्यांना पिकाची वा घराची पुरती भरपाई मागणेही अवघड. त्याआधी, १५ नोव्हेंबर २०१० ला लक्ष्मीनगरच्या ललिता पार्कमधली पाच मजली इमारत कोसळून सत्तरच्या आसपास भाडेकरू मेले, बहुतेक स्थलांतरित मजूर. त्या पावसाळ्यात पूर आला होता आणि तळघरात पाणी साचल्याच्या तक्रारी होत्या. वर मजले चढवलेले होतेच. तो बळींचा आकडा पुराच्या खात्यावर कुणी मांडत नाही.

उन्हाळ्यातही हाच भेद दिसतो. १९ जून २०२४ ला दिल्लीची विजेची मागणी ८,६५६ मेगावॉटवर गेली. त्यात मोठा वाटा वातानुकूलकांचा, जे आतली उष्णता गल्लीत सोडतात. पत्र्याच्या छपराखालच्या माणसाला ती गल्लीच मिळते. भूकंपाच्या बाबतीत भारतीय मानक क्र. १८९३ च्या २०१६ च्या आवृत्तीत दिल्ली चौथ्या क्षेत्रात, म्हणजे तीव्र धोक्याच्या पट्ट्यात आहे. १७ फेब्रुवारी २०२५ च्या पहाटे धौला कुआँजवळ ४.० क्षमतेचा धक्का बसला तेव्हा हानी झाली नाही. नियमावली न पाळता उभ्या राहिलेल्या असंख्य इमारतींची परीक्षा अजून व्हायची आहे.

सप्टेंबर २०२५ मध्ये यमुना पुन्हा २०७.४८ मीटरवर गेली. तेव्हा मयूर विहार येथे पूरग्रस्तांसाठी उभारलेल्या मदतछावणीच्या तंबूंतही पाणी शिरले.