मुका पंतोजी

नोकराची पारख करणें हें धन्याचें काम खरें. पण त्या पारखीचा निकाल नोकराला कळावा कीं नाहीं, हा प्रश्न आमच्याकडे फार उशिरां विचारला गेला. म्हणून स्कॉटलंडांतील न्यू लॅनार्कच्या सूतगिरणीची हकीकत वाचकांपुढें ठेवावीशी वाटते.

क्लाइड नदीकांठच्या या गिरणीचा कारभार सन १८०० च्या जानेवारींत रॉबर्ट ओवेन याच्या हातीं आला. दारूबाजी व चोरी तेथें बोकाळली होती, असें तो स्वतःच लिहितो. दंड व मारहाण टाळून यास आळा घालण्यासाठीं त्यानें एक युक्ति काढली. प्रत्येक कामकऱ्यापाशीं दोनएक इंच लांबीचा चौपैलू लांकडी ठोकळा टांगलेला असे. आदल्या दिवशींची वागणूक वाईट असल्यास त्याची काळी बाजू पुढें. बेताची असल्यास निळी, चांगली असल्यास पिवळी, उत्तम असल्यास पांढरी. रोजचा शेरा वहींतही चढे. या ठोकळ्यास आम्ही मुका पंतोजी म्हणूं. ओवेन गिरणींतून फिरे, ठोकळ्याकडे पाही, मग माणसाकडे पाही, आणि चकार शब्द न काढतां पुढें जाई! आरंभीं काळ्यांचीच गर्दी होती. हळूहळू निळे व पिवळे वाढले, असें तो सांगतो. अर्थात् हें धन्याचें म्हणणें.

आम्हांस त्या रंगांचें कौतुक नाहीं. हाताचा कुशल पण तोंडाचा फटकळ अशा माणसाचे गुणदोष एका रंगांत कसे मावणार? शिवाय चारचौघांत काळी बाजू मिरविणें ही शिक्षा कांहीं लहान नव्हे. पण ठोकळा रोज फिरे. कालचा काळा जन्माचा काळा राहत नसे. आणि मुकादमानें अन्याय केला असें ज्यास वाटे, त्यास वहींत नोंद होण्यापूर्वीं थेट ओवेनकडे दाद मागतां येई. ही सोय आम्हांस त्या सर्व रंगांहून मोलाची वाटते.

आमच्या सरकारी खात्यांत वार्षिक शेरा गोपनीय असे. प्रतिकूल असेल तेवढा कळवीत. 'चांगला' हा शेरा कळविण्याचें कारणच काय? पण सरहद्दीवरील रस्त्यांच्या खात्यांतील एका एंजिनियराची बढती नेमकी या 'चांगल्या'नेंच अडविली, कारण तीस 'फार चांगला' हवा होता. आणि तो शेरा त्यास कोणी कळविलाच नव्हता. शेवटीं २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें ठरविलें कीं, शेरा कसाही असो, तो ज्याचा त्यास कळविलाच पाहिजे व त्याविरुद्ध बोलण्याची संधीही दिली पाहिजे.