संशोधक की हेर?

मानववंशशास्त्रज्ञ परक्या समाजात जाऊन राहतो. लोक त्याला घरात घेतात, ते केवळ विश्वासावर. हा विश्वास १९१९ साली अमेरिकेत वादाचा विषय झाला. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक फ्रान्झ बोआस यांनी २० डिसेंबरच्या ‘द नेशन’ साप्ताहिकात लिहिले, की महायुद्धात निदान चार शास्त्रज्ञांनी संशोधनाच्या नावाखाली हेरगिरी केली. नावे त्यांनी दिली नाहीत.

दहाच दिवसांनी अमेरिकेतील मानववंशशास्त्रज्ञांच्या संघटनेने २० विरुद्ध १० मतांनी निषेध केला, तो बोआस यांचाच! ज्या चौघांवर आरोप होता, त्यांतील तिघांनी ठरावाच्या बाजूने मते दिली. देशभक्तीचा ज्वर होताच, शिवाय हार्वर्ड आणि वॉशिंग्टनच्या मंडळींना बोआस यांचे वर्चस्व खुपत होते.

बोआस यांचे म्हणणे साधे होते. एकाने फसवले, की पुढच्या प्रत्येक संशोधकाकडे लोक संशयाने पाहतात. व्हिएतनाम युद्धाच्या काळात हाच प्रश्न पुन्हा उभा राहिला. १९७१ साली संघटनेने गुप्त संशोधन अमान्य केले आणि ज्यांचा अभ्यास करायचा, त्यांचे हित सर्वांत आधी, असे ठरवले. बोआस यांच्याविरुद्धचा ठराव मात्र २००५ साली, म्हणजे ८६ वर्षांनी रद्द झाला.

आपल्याकडून घेतलेली माहिती कोणासाठी वापरली जाणार, हे जाणून घेण्याचा हक्क माणसाला आहे का? वर्गात यावर जरूर चर्चा घ्या.