ख्रिस्ती महाविद्यालये आणि राज्यशास्त्राचे धडे

मुंबई, प्रतिनिधी : मुंबईत ख्रिस्ती विद्यापीठ नाही. बंगळुरूच्या 'ख्राइस्ट'ला २००८ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. मुंबईत मात्र ख्रिस्ती संस्थांची महाविद्यालये आहेत आणि पदवी मुंबई विद्यापीठाची आहे. राज्यशास्त्र घेऊन कला शाखेची पदवी मिळवू पाहणाऱ्या दक्षिण व मध्य मुंबईतील विद्यार्थ्यांसमोर प्रामुख्याने अशी दोन नावे येतात : गिरगाव चौपाटीसमोरचे विल्सन आणि धोबी तलावाचे सेंट झेविअर्स. पहिले स्कॉटिश प्रोटेस्टंट मिशनचे, दुसरे कॅथलिक पंथातील जेझुइट धर्मगुरूंचे.

शिकवायचे महाविद्यालयाने आणि परीक्षा घ्यायची विद्यापीठाने, ही विभागणी योगायोगाने झालेली नाही. १८५४च्या वुडच्या खलित्यात मिशनऱ्यांच्या शाळांनाही सरकारी अनुदानाचा मार्ग मोकळा करण्यात आला. मात्र नियोजित विद्यापीठांच्या परीक्षांमध्ये धार्मिक श्रद्धेचा विषय येणार नाही, असेही त्यात स्पष्ट करण्यात आले होते. त्यानुसार १८५७ साली मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. राज्यशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला 'धर्मनिरपेक्ष राज्य आणि धार्मिक संस्था' या प्रकरणाचा हा जुना मसुदा वाटावा.

विल्सनचा इतिहास त्याहूनही मागे जातो. डॉ. जॉन विल्सन यांनी १८३२ साली गिरगावात इंग्रजी शाळा सुरू केली. बाळशास्त्री जांभेकरांचे 'दर्पण' निघाले तेही याच वर्षी. पुढे सात वर्षांनी, १८३९ मध्ये, विल्सन यांच्याकडे शिकणाऱ्या धनजीभाई नवरोजी आणि होरमसजी पेस्तनजी या पारशी तरुणांनी बाप्तिस्मा घेतला आणि शहरात वादळ उठले. पारशी समाजाने बंदीप्रत्यक्षीकरणासाठी न्यायालयात धाव घेतली. अनेक पालकांनी मुले शाळेतून काढून घेतली. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले आणि त्यांच्या धाकट्या भावाचा, श्रीपतचा, प्रश्न उभा राहिला. श्रीपत अल्पवयीन असल्याने न्यायालयाने त्याला वडिलांच्या स्वाधीन केले. त्याला पुन्हा जातीत घेण्यासाठी जांभेकरांनी सनातन्यांचा रोष पत्करला. सदसद्विवेकाचे स्वातंत्र्य कोणत्या वयापासून, त्यावर कुटुंबाचा अधिकार किती, समाजाचा किती आणि राज्यसंस्थेने मध्ये कधी पडावे, हे प्रश्न राज्यशास्त्राचा तास सुरू होण्यापूर्वीच या संस्थेच्या दारात आले होते. विल्सन स्वतः पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू झाले, हेही येथे नोंदवायला हवे.

चौपाटीसमोरची आजची गॉथिक वास्तू १८८९ची. तेथून पदवीधर झालेले बाळ गंगाधर खेर आणि मोरारजी देसाई हे दोघेही मुंबई राज्याचे मुख्यमंत्री झाले; मोरारजी पुढे पंतप्रधानही झाले. मात्र हे राज्यशास्त्र विभागाचे यश म्हणून सांगण्याचा मोह टाळलेला बरा. खेरांचे नैपुण्य संस्कृतात होते. त्या काळी राज्यशास्त्र इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या आडोशाने शिकवले जाई. विल्सनमधील प्रा. पी. ए. वाडिया राजकारण आणि अर्थशास्त्र दोन्ही शिकवत. प्रा. जी. एन. जोशी यांच्यासह त्यांनी लिहिलेला भारताच्या संपत्तीविषयीचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. ख्रिस्ती उच्च शिक्षणाची पाहणी करण्यासाठी १९३०-३१ मध्ये आलेल्या आयोगाचे अध्यक्ष ए. डी. लिंडसे हेदेखील पेशाने राज्यविचाराचे अभ्यासक होते.

या परंपरेतील सर्वात लखलखीत नाव उषा मेहता यांचे. १९३९ साली त्या विल्सनमधून तत्त्वज्ञान विषय घेऊन पदवीधर झाल्या. १९४२च्या आंदोलनात त्यांनी सहकाऱ्यांसह भूमिगत 'काँग्रेस रेडिओ' चालवला. १२ नोव्हेंबरला अटक झाली आणि १९४६ पर्यंत त्यांनी कारावास भोगला. सुटकेनंतर गांधीजींच्या राजकीय व सामाजिक विचारांवर त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली, विल्सनमध्ये दीर्घकाळ राज्यशास्त्र शिकवले आणि विद्यापीठाच्या 'सिव्हिक्स अँड पॉलिटिक्स' विभागाचे प्रमुखपद सांभाळले. १९९८ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. २००० साली त्यांचे निधन झाले. राजद्रोहाच्या रेडिओसाठी तुरुंगात गेलेली गांधीवादी हिंदू स्त्री स्कॉटिश मिशनच्या महाविद्यालयात 'राज्य आणि नागरिक' शिकवते, यात त्या काळी कोणाला विसंगती वाटली नसावी.

आज या महाविद्यालयांत राज्यशास्त्र म्हणून जे शिकवले जाते, त्यात ख्रिस्ती असे काही नाही. संविधान, राजकीय सिद्धान्त, पाश्चात्त्य व भारतीय राजकीय विचार, लोकप्रशासन, आंतरराष्ट्रीय संबंध ही चौकट अन्यत्र आहे तशीच येथेही आहे. झेविअर्सला २०१० मध्ये आणि विल्सनला त्यानंतर स्वायत्तता मिळाल्याने अभ्यासक्रम आखणे व परीक्षा घेणे आता महाविद्यालयांच्या हाती आहे; पदवीवर शिक्का विद्यापीठाचाच.

खरा फरक पडतो तो प्रवेशात. संविधानाच्या कलम ३०नुसार धार्मिक व भाषिक अल्पसंख्याकांना आपल्या पसंतीच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा अधिकार आहे. १९९२च्या सेंट स्टीफन्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा संस्थांना आपल्या समाजासाठी ५० टक्क्यांपर्यंत जागा ठेवण्यास मुभा दिली. २००५च्या ९३व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही आरक्षणाची वाट मोकळी केली, पण अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळले. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही तरतूद वैध ठरवली. मुंबई उच्च न्यायालयानेही २०१७ मध्ये अल्पसंख्याक महाविद्यालयांना अनुसूचित जाती-जमातींचे आरक्षण लागू होत नसल्याचा निर्वाळा दिला.

याचा अर्थ नायगाव किंवा ना. म. जोशी मार्गावरील बीडीडी चाळींत वाढलेल्या दलित विद्यार्थ्याला अन्य महाविद्यालयांत जी राखीव जागा मिळते, ती या दोन इमारतींत हक्क म्हणून मागता येत नाही. खुल्या जागेवर गुणवत्तेने प्रवेश मिळतोच. पण ती वेगळी गोष्ट. अल्पसंख्याकांचे संरक्षण आणि सामाजिक न्याय ही दोन्ही संविधानाचीच आश्वासने. ती येथे एकमेकांना छेदतात आणि न्यायालयीन निर्णयांनी प्रश्नाचे कायदेशीर उत्तर दिले असले, तरी राजकीय उत्तर दिलेले नाही.

दुसरा अडसर भाषेचा. लालबाग-परळच्या मराठी शाळेतून आलेल्या मुलाला करी रोडहून लोकलने सीएसएमटी गाठून झेविअर्सला पोहोचणे सोपे. 'सॉव्हरिन्टी' आणि 'सार्वभौमत्व' एकच आहेत हे वर्गात उमगायला वेळ लागतो. परळचे महर्षी दयानंद, माटुंग्याचे रुईया आणि रुपारेल हे पर्याय त्याच्या घराजवळ आहेत. इंग्रजी सरावाची झाल्यास पुढे लाभ होतो, हे खरे. परंतु राज्यसेवेची परीक्षा मराठीतून देण्याचा ज्यांचा निश्चय आहे, त्यांनी केवळ इमारतीच्या दबदब्यावर निर्णय घेऊ नये.

वर्गात राजकारण शिकवणाऱ्या या संस्थांना राजकारणाने बाहेरूनही गाठले आहे. २०१४च्या लोकसभा निवडणुकीदरम्यान झेविअर्सचे तत्कालीन प्राचार्य फादर फ्रेझर मस्करेन्हस यांनी विद्यार्थ्यांना उद्देशून टिपण प्रसिद्ध केले. विकासाच्या 'गुजरात प्रारूपा'वर त्यात टीका होती. भारतीय जनता पक्षाने निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. प्राचार्याने आपल्या विद्यार्थ्यांना मतदानापूर्वी मत सांगावे की नाही, यावर तेव्हा वृत्तपत्रांतून बरीच चर्चा झाली.

ऑगस्ट २०२५ मध्ये याच महाविद्यालयात फादर स्टॅन स्वामी स्मृती व्याख्यान व्हायचे होते. आदिवासींमध्ये काम केलेले हे जेझुइट धर्मगुरू एल्गार परिषद प्रकरणात ऑक्टोबर २०२०मध्ये अटकेत गेले आणि खटला उभा राहण्यापूर्वीच, ५ जुलै २०२१ रोजी, मुंबईत त्यांचे निधन झाले. व्याख्यानाचा विषय उपजीविकेसाठी होणारे स्थलांतर हा होता. अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेने आक्षेप घेतल्यानंतर व्याख्यान रद्द करण्यात आले.